रणगाडा सोडायला सांगितलं होतं, सोडला नाही. मग परमवीर चक्र कसं?

प्रश्न विचारणाऱ्या बाई नववीला इतिहास शिकवतात. वर्गात १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धात बसंतर नदीकाठी लढताना गेलेल्या सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांची गोष्ट सांगून झाल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, त्यांना रणगाडा सोडा असं सांगितलं होतं ना? म्हणजे त्यांनी हुकूम मोडला. आम्ही मोडला तर वर्गाबाहेर, आणि त्यांना परमवीर चक्र?" बाईंना तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही. त्यांनी स्वतःच्या दोन शंकाही जोडल्या आहेत: खेत्रपालांनी रणगाडे नेमके किती उडवले, कारण आकडा ठिकठिकाणी वेगळा दिसतो, आणि ते वाचले असते तर हे पदक मिळालं असतं का?

बाई, मागच्या बाकावरची पोरं असे प्रश्न विचारतात म्हणून मला आवडतात. मी आर्मर्ड कोअरमध्ये, म्हणजे लष्कराच्या रणगाडा दलात, आयुष्य काढलं. रेजिमेंटमध्ये असताना शौर्यपदकांच्या शिफारशी लिहिल्या, पुढे मुख्यालयात दुसऱ्यांनी लिहिलेल्या वाचल्या, काही परतही पाठवल्या. १९७१ साली मी शाळेत होतो, त्यामुळे लढाई पाहिली असा दावा नाही. पण बसंतरची लढाई आम्हाला सँड मॉडेलवर, म्हणजे वाळूत उभ्या केलेल्या जमिनीच्या नमुन्यावर, इतक्या वेळा शिकवली गेली की ती नदी आणि ती गावं डोळे मिटले तरी दिसतात.

आधी थोडी जमीन समजून घेऊ, कारण त्याशिवाय मुलाला उत्तर देता येणार नाही. शकरगढचा भाग हा पाकिस्तानचा आपल्या बाजूला आलेला फुगवटा. त्याच्या वरच्या अंगाने पठाणकोट-जम्मू रस्ता जातो, आणि जम्मू-काश्मीरला जोडणारा तेव्हाचा तोच मुख्य रस्ता. तो कापला गेला तर पुढची सगळी फौज अडकली. म्हणून आपण वाट न बघता आत घुसायचं ठरवलं. मेजर जनरल वॉल्टर पिंटो यांची ५४ इन्फन्ट्री डिव्हिजन पुढे सरकत १५ डिसेंबरला बसंतर नदीपर्यंत पोहोचली. पायदळाने रात्री नदी ओलांडून पलीकडे पाय रोवला. लष्करी भाषेत याला ब्रिजहेड म्हणतात. नदीपलीकडची एवढीशी जमीन. ती टिकली तर मागचे रणगाडे पलीकडे जाणार, ती गेली तर पलीकडचं पायदळ नदी पाठीशी घेऊन मरणार.

आता रणगाडे पलीकडे न्यायचे तर मध्ये भूसुरुंगांचं शेत. ९ इंजिनिअर रेजिमेंटची माणसं रात्रभर वाट साफ करत होती. त्यांच्यातले मेजर विजय रतन चौधरी याच मोहिमेत गेले, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. त्यांचं नाव वर्गात जरूर घ्या, कारण रणगाड्यांच्या गोष्टीत इंजिनिअर नेहमी गाळले जातात. वाट अर्धीच साफ झाली होती तेव्हा पलीकडून निरोप आला की शत्रूचे रणगाडे हलताहेत. पूना हॉर्स या आपल्या रणगाडा रेजिमेंटचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल हनूत सिंग यांनी उरलेल्या सुरुंगांतून रणगाडे घातले. हे वाचायला सोपं आहे. अंधारात, खाली सुरुंग आहेत हे माहीत असताना, पुढच्याच्या चाकोरीत आपली चाकोरी ठेवत जाणं म्हणजे काय, हे ज्यांनी रात्री रणगाडा चालवलाय त्यांना विचारा.

खेत्रपाल या रेजिमेंटमध्ये नवखे होते. जन्म पुण्याचा, १४ ऑक्टोबर १९५०. वडील लष्करात इंजिनिअर. शाळा सनावरची, मग खडकवासल्याची एनडीए, मग डेहराडूनची लष्करी अकादमी. १३ जून १९७१ ला कमिशन मिळालं, म्हणजे अधिकारी झाले. युद्धाची चिन्हं दिसू लागली तेव्हा ते नगरला यंग ऑफिसर्स कोर्स करत होते. कोर्स अर्धा टाकून रेजिमेंटला परत बोलावलं गेलं. वाटेत दिल्लीला घरी उतरले आणि गोल्फच्या काठ्या व निळा समारंभी गणवेश बरोबर घेतला. का, तर म्हणे लाहोरला गोल्फ खेळायचाय आणि जिंकल्यावर जेवण होईलच, तेव्हा गणवेश लागेल. एकविसाव्या वर्षी माणूस असाच असतो. गोष्ट सांगताना हे गाळू नका, नाहीतर पोरांना वाटतं की असे लोक जन्मतःच पुतळे असतात.

१६ डिसेंबरच्या सकाळी धुराच्या पडद्याआडून पाकिस्तानच्या १३ लान्सर्स या रेजिमेंटचे पॅटन रणगाडे पलीकडच्या जरपाल गावावर आले. तिथे पूना हॉर्सचं 'बी' स्क्वाड्रन, म्हणजे रेजिमेंटमधली रणगाड्यांची एक तुकडी, होतं. संख्या कमी पडतेय असं दिसल्यावर त्याच्या कमांडरने रेडिओवर कुमक मागितली. खेत्रपाल 'ए' स्क्वाड्रनमध्ये होते. ते ऐकून आपला ट्रूप, म्हणजे स्क्वाड्रनमधली छोटी तुकडी, घेऊन स्वतःहून निघाले. वाटेत शत्रूची काही ठाणी आणि रणगाड्यांवर मारा करणाऱ्या रिकॉइललेस तोफा अजून जिवंत होत्या. वळसा घालायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी रणगाडे सरळ त्यांच्यावर घातले आणि माणसं पिस्तुलाच्या धाकावर पकडली. त्यात त्यांच्या ट्रूपमधला एक टँक कमांडर मारला गेला.

पुढचा भाग मला फार मोलाचा वाटतो. ते 'बी' स्क्वाड्रनपाशी पोहोचले तेव्हा शत्रूचे रणगाडे पहिल्या चाचपणीनंतर मागे वळत होते. खेत्रपाल त्यांच्या पाठी लागले आणि एक उडवलाही. अधिकृत सायटेशन, म्हणजे पदकासोबतचं मानपत्र, इथे साफ लिहितं की लढाईच्या जोशात ते वाहवत गेले. सरकारी कागदावर, सर्वोच्च पदकाच्या मानपत्रात, 'वाहवत गेला' असं लिहिलंय! मी प्रशिक्षक असतो तर त्या पाठलागाबद्दल संध्याकाळी त्यांचे कान धरले असते. मागे हटणाऱ्या रणगाड्यांच्या पाठी धावणं हे शिकाऊ अधिकाऱ्याचं हमखास चुकण्याचं ठिकाण. पुढे सापळा असू शकतो. म्हणजे मुलगा ज्याला 'ऐकलं नाही' म्हणतोय तसा बेभानपणा त्या सकाळी होता, पण तो इथे, या पाठलागात. तुमच्या वर्गातल्या मुलाचं बोट आहे ते शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांवर, आणि तो प्रकार वेगळा.

थोड्या वेळाने शत्रू पूर्ण स्क्वाड्रन घेऊन परत आला आणि त्याने नेमका तोच पट्टा निवडला जिथे आपले तीनच रणगाडे होते: कॅप्टन मल्होत्रा, लेफ्टनंट अहलावत आणि खेत्रपाल. चकमकीत अहलावतांच्या रणगाड्याला गोळा लागला आणि मल्होत्रांची तोफ बंद पडली. खेत्रपालांच्या रणगाड्यालाही गोळा लागून आग लागली, ते स्वतः गंभीर जखमी झाले. तेव्हा रेडिओवर सांगण्यात आलं की रणगाडा सोड. उत्तराचे शब्द थोड्या फरकाने सांगितले जातात, पण मतितार्थ एकच: नाही सर, सोडणार नाही, माझी तोफ अजून चालते आहे.

आता हुकुमाकडे येऊ. जळत्या रणगाड्यातून बाहेर पडा हे सांगणं ही आमच्याकडची नेहमीची पद्धत आहे. आत चार माणसं, शेजारी दारूगोळा आणि इंधन. आग लागली की सेकंद मोजायचे. असं सांगणारा वरिष्ठ त्या माणसाला एक मोकळीक देत असतो: तू उतरलास तर कुणी तुला भित्रा म्हणणार नाही. जीव वाचवण्याची मुभा आणि जागा सोडण्याचा हुकूम यात फरक आहे. मानपत्राचे शब्दही 'सांगण्यात आलं' असेच आहेत, 'हुकूम देण्यात आला' असे नाहीत. मी हा शब्दांचा कीस काढत नाहीये. शिफारस लिहिताना आम्ही असे शब्द तोलूनच वापरतो, कारण वर बसलेला वाचणारा ते तोलूनच वाचतो.

दुसरं. त्या सकाळी सगळ्या रेजिमेंटला एक मोठा हुकूम आधीच होता. लढाईच्या हकिकतींमध्ये येतं की हनूत सिंग यांनी रेडिओवरून बजावलं होतं: जो रणगाडा जिथे आहे तिथून लढेल, एक इंचही मागे येणार नाही. ब्रिजहेडची गोष्ट आठवा. तीनपैकी दोन तोफा गप्प, तिसरी जळतेय पण चालते, आणि समोरचे अजून येताहेत. ही तोफ गप्प झाली तर भोक पडणार, हे त्या क्षणी सगळ्यात स्पष्ट कुणाला दिसत होतं? आपल्या झरोक्यातून बघणाऱ्या त्या एकालाच. लहान सूचना पाळायची तर मोठा हुकूम मोडत होता. त्याने मोठा पाळला.

यावर माझा स्वतःचा एक अनुभव. राजस्थानात सरावाच्या वेळी मी एका तरुण ट्रूप लीडरला रेडिओवर मागे यायला सांगितलं. तो म्हणाला, "सर, पाच मिनिटं द्या." मी चिडलो. नंतर नकाशा आणि जमीन मिळवून बघितली तेव्हा कळलं, तो ज्या टेकाडामागे होता तिथून त्याला ती वाट दिसत होती जी मला दिसतच नव्हती. तो बरोबर होता. पण सराव होता म्हणून मला हे शांतपणे बघता आलं, आणि त्यानेही 'नाही' म्हटलं नव्हतं, वेळ मागितला होता. जिवंत गोळ्यांत असा वेळ मागायची सोय नसते.

तरी एक गोष्ट पोरांच्या मनात चुकीची बसू नये. आर्मी अ‍ॅक्ट, १९५० च्या कलम ४१ नुसार वरिष्ठाचा हुकूम न मानणं हा गुन्हा आहे, आणि तो फार गंभीर मानला जातो. परिस्थिती उलटी असती, म्हणजे रेजिमेंट ठरवून मागे येत असती, उरलेले रणगाडे दुसऱ्या जागी हवे असते, आणि एखादा पोरगा 'मी लढणार' म्हणून तिथेच बसला असता, तर त्याने शौर्य दाखवलं असं मी म्हटलं नसतं. त्याने आपल्यासोबत आणखी तीन माणसं आणि एक रणगाडा गमावला असं म्हटलं असतं. कृती बाहेरून तीच दिसते, पण तिची किंमत ठरते ती जागा राखणं त्या वेळी गरजेचं होतं की नव्हतं यावर.

खेत्रपालांनी त्या अवस्थेत आणखी एक रणगाडा उडवला. तो शंभर मीटरच्या आत आला होता असं सांगतात. रणगाड्यांच्या लढाईत हे अंतर म्हणजे समोरासमोर कॉलर धरण्यासारखं. मग दुसरा गोळा लागला आणि ते गेले. रेडिओ ऑपरेटर नंद सिंग यांनीही प्राण गमावले. ड्रायव्हर प्रयाग सिंग आणि गनर नथ्थू सिंग जखमी झाले, पण वाचले. त्या पट्ट्यातून शत्रू पुढे गेला नाही. त्याच दिवशी दुपारी ढाक्याला शरणागतीवर सह्या झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पश्चिमेलाही युद्धबंदी झाली. दीड दिवस. ही गोष्ट मला आजही सहन होत नाही, पण तो माझा प्रश्न, तुमच्या वर्गाचा नाही.

आता आकड्यांचा घोळ. तीन रणगाड्यांनी मिळून दहा उडवले आणि त्यांतले चार खेत्रपालांचे, हा सर्वमान्य हिशेब. पण मानपत्रात पाठलागातला एक वेगळा येतो, जखमी झाल्यावरचा एक वेगळा येतो. कुणी हे चारात धरतं, कुणी वर मिळवतं, म्हणून आकडे फिरतात. शिवाय एकाच रणगाड्यावर दोघांचे गोळे बसतात आणि दोघंही आपला म्हणतात, त्यात खोटेपणा नसतो. बसंतरला एक सोय होती की मैदान आपल्या ताब्यात राहिलं, त्यामुळे जळके सांगाडे जाऊन मोजता आले. जिथे मैदान शत्रूकडे जातं तिथल्या आकड्यांवर मी अर्धाच विश्वास ठेवतो. आणि पदक आकड्यावर मिळत नाही. चारच्या जागी एकच रणगाडा असता आणि तो त्या भोकातून शिरणारा असता, तरी शिफारस तशीच लिहिली गेली असती.

वाचले असते तर मिळालं असतं का? याचं उत्तर त्याच लढाईत आहे. त्याच जरपालला ३ ग्रेनेडियर्स या पायदळ पलटणीचे मेजर होशियार सिंग जखमी अवस्थेत खंदकाखंदकांत फिरत, माणसांना उभं करत, हल्ले परतवत राहिले. त्यांनाही परमवीर चक्र मिळालं, आणि ते जिवंत राहून त्यांनी स्वीकारलं. १९७१ च्या चार परमवीर चक्रांपैकी ते एकटेच हयात होते. लान्स नायक अल्बर्ट एक्का, फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों आणि खेत्रपाल हे तिघं मरणोत्तर. आतापर्यंतच्या २१ परमवीर चक्रांत १४ मरणोत्तर आहेत. म्हणजे मरण ही अट नाही. पण जे काम केल्यावर हे पदक मिळतं त्यातून माणूस सहसा परत येत नाही, इतकंच. कारगिलच्या वेळी तर योगेंद्र सिंग यादव यांचं पदक आधी मरणोत्तर म्हणून जाहीर झालं, आणि मग कळलं की ते रुग्णालयात बरे होताहेत. खेत्रपाल तेव्हापर्यंतचे सर्वांत तरुण मानकरी होते, तो मान नंतर एकोणीस वर्षांच्या यादवांकडे गेला.

तुमच्या प्रश्नात नव्हतं, पण मुलं विचारतील म्हणून थोडं हेही: पदक ठरतं कसं? युनिटचा कमांडिंग ऑफिसर शिफारस लिहितो, सोबत प्रत्यक्ष पाहिलेल्यांचे जबाब. ती ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड अशी वर चढते. प्रत्येक पायरीवर कुणीतरी विचारतं: याने नेमकं काय केलं? माझी पहिली शिफारस ब्रिगेड कमांडरांनी परत पाठवली होती. मी त्यात 'अतुलनीय', 'असामान्य', 'अद्वितीय' असं सगळं घातलं होतं. त्यांनी तिन्ही शब्द पेन्सिलीने खोडले आणि समासात लिहिलं: किती वाजता, कुठे, कुणी पाहिलं? तेव्हापासून मी विशेषणं वापरायची सोडली. खेत्रपालांच्या बाबतीत पाहणारे होते: वाचलेला क्रू, शेजारचे रणगाडे, रेडिओवरचं बोलणं ऐकणारी सगळी रेजिमेंट. कित्येक माणसं तितकीच झुंजून गेली असतील, पण पाहणारा कुणी उरला नाही. पदकांच्या यादीकडे बघताना मी ही रिकामी जागाही बघतो.

एक साक्षीदार तर पलीकडचा निघाला. २००१ साली खेत्रपालांचे वडील, ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, आपलं मूळ गाव बघायला पाकिस्तानातल्या सरगोध्याला गेले. लाहोरला त्यांचा पाहुणचार पाकिस्तानी लष्करातल्या निवृत्त ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी केला. शेवटी नासेर यांनीच सांगितलं की त्या दिवशी समोरच्या स्क्वाड्रनचा कमांडर मी होतो, तुमचा मुलगा माझ्या हातून गेला, आणि तो ठाम उभा होता. त्याच रणांगणावर उलटंही घडलं. पाकिस्तानच्या ३५ फ्रंटियर फोर्सचे लेफ्टनंट कर्नल मोहम्मद अक्रम राजा हल्ल्याच्या आघाडीवर पडले. ३ ग्रेनेडियर्सच्या कमांडिंग ऑफिसरने त्यांच्या शौर्याची लेखी नोंद देऊन देह परत पाठवला, आणि त्यांना हिलाल-ए-जुरत हे पाकिस्तानचं शौर्यपदक मिळालं. शत्रूने दिलेल्या जबाबाइतका खणखणीत जबाब दुसरा नसतो.

आणखी एक छोटी गोष्ट, मराठी वर्गाला आवडेल अशी. परमवीर चक्राचं डिझाइन सावित्रीबाई खानोलकरांचं. जन्माने त्या स्वित्झर्लंडच्या, लग्नाने खानोलकर. पदकावर इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती आहेत, ते वज्र दधीची ऋषींच्या हाडांचं. दधीचीची गोष्ट पोरांना आधीच माहीत असते, धागा लगेच जुळतो.

त्या मुलाला काय सांगायचं, तर आधी सांगा की त्याचा प्रश्न बरोबर आहे, आणि लष्करातही तो विचारला जातो. मग फळ्यावर नदी काढा, सुरुंगांची पट्टी, पलीकडे तीन चौकोन. दोन चौकोनांवर फुली मारा. त्याला कॅप्टन मल्होत्रांच्या जागी उभं करा आणि विचारा, तिसरा चौकोन पेटलाय, तू रेडिओवर काय सांगशील? तो बहुधा म्हणेल, "उतर." मग त्यालाच तिसऱ्या चौकोनात बसवा, समोरून येणारे रणगाडे दाखवा, आणि पुन्हा विचारा. दोन्ही उत्तरं वेगळी आली तर घाईने जुळवू नका, फळ्यावर शेजारी शेजारी तशीच राहू द्या.

नगरला सहल काढलीत तर तिथलं रणगाड्यांचं संग्रहालय लोकांसाठी खुलं असतं. खेत्रपालांचा सेंच्युरियन रणगाडा, 'फामागुस्ता' नावाचा, दुरुस्त करून नगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जपून ठेवलेला आहे. तो भाग लष्करी हद्दीत येतो, आधी पत्र लिहून परवानगी मागावी लागेल. संग्रहालयात मुलांना एखाद्या रणगाड्याच्या अगदी जवळ उभं करा आणि कमांडरची जागा दाखवा. किती अरुंद आहे ते बघू द्या.